'अगदी फोटो वाटतो!': वास्तववादी चित्र आणि फोटोरिअलिस्ट चित्र

गंजलेले पत्रे, शेवाळलेली कौलं, उन्हापावसानं विटलेल्या पाण्याच्या टाक्या. शहरातल्या जुन्या छपरांचं असं तैलचित्र दिसलं की 'अगदी फोटो वाटतो!' ही दाद हमखास निघते. दाद मनापासूनची असते, पण तिच्यात दोन निराळ्या पद्धतींची गल्लत होते.

वास्तववाद, म्हणजे समोरचं जसं दिसतं तसं रंगवणं, जुना. १८५५ साली गुस्ताव्ह कुर्बे या फ्रेंच चित्रकारानं पॅरिसमध्ये स्वतःचा मंडप उभारून त्याच नावाखाली आपली चित्रं मांडली. फोटोरिअलिझम आला अमेरिकेत, १९६०च्या दशकाच्या अखेरीस. तिथे चित्रकाराचा विषय छप्पर नसतंच, छपराचा फोटो असतो. तो प्रोजेक्टरनं किंवा चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवतात. ही नुसती नक्कल मात्र नव्हे. रिचर्ड एस्टेस हा अमेरिकी फोटोरिअलिस्ट अनेक फोटो जुळवून एक दृश्य रचतो, आणि त्याला मोठी नजर लागते.

ओळखायचं कसं? मी आधी वळचणीखालची सावली पाहतो. भर उन्हात कॅमेऱ्याला उजेड आणि सावली एकदम पेलत नाहीत; पत्रा पांढराफटक पडतो, नाहीतर वळचण काळीकुट्ट होते. डोळा सावलीत रुळतो. त्याला तिथे जांभळट, मातकट छटा दिसतात, समोरच्या भिंतीवरून परतलेला उबदार उजेडही दिसतो. चित्रातली सावली अशी भरलेली असेल, तर चित्रकार बहुधा त्या जागी बसलेला असतो.

मग गंजाचा एखादा ओघळ जवळून पाहावा. वास्तववादी चित्रात खाली अनेकदा बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाचा पातळ थर असतो. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं वरून करडा रंग ओढलेला असतो, म्हणून खालचा तांबूसपणा मधूनमधून डोकावतो. नाक चित्राला लागेल इतकं जवळ गेलं की ओघळ नाहीसा होतो, उरतात फटकारे. फोटोरिअलिस्ट चित्रकार बहुतेक वेळा हे फटकारे लपवतो. काहीजण त्यासाठी एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं साधनही वापरतात.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती स्पेनच्या आन्तोनियो लोपेस गार्सियाबद्दल. माद्रिदची छतं आणि रस्ते त्यानं इतके बारकाईनं रंगवलेत की त्याला सर्रास फोटोरिअलिस्ट म्हणतात. मला ते पटत नाही. 'ग्रान व्हिया' हे माद्रिदमधल्या त्याच नावाच्या रस्त्याचं चित्र त्यानं १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं रस्त्यावर उभं राहून रंगवलं. उन्हाळ्यातली पहाट, साडेसहाचा सुमार. हवा तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकायचा, तो सरला की काम बंद. कॅमेऱ्याला हे दृश्य टिपायला क्षण पुरला असता. या चित्रात मात्र सात उन्हाळ्यांच्या पहाटा एकावर एक साचल्या आहेत.