नुसती सुपारी आणि तीन बोटं

विदर्भातल्या कुठल्याही गावच्या बसस्टँडवर उतरा, आधी दिसतो तो पानठेला. ठेलेवाला पन्नीवर बारीक कातरलेली सुपारी घेतो, वर तंबाखू आणि ओला चुना टाकतो, पन्नी दुमडून फळीवर जोर लावून घासतो. सुपारी ओलसर तपकिरी झाली की खर्रा तयार. त्यातली चिमूट गालफडात जाते आणि बराच वेळ तिथंच मुरत राहते. कापूस वेचणाऱ्या बाया, धानाच्या रोवणीवरचे मजूर, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, कॉलेजातली पोरं, कोणीच त्यातून सुटलेलं नाही. आणि या सगळ्यांत असा एक मोठा वर्ग आहे जो तपासताना ठामपणे सांगतो, “मी तंबाखू नाही खात जी, नुसती सुपारी खातो.”

हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे. तोंड हळूहळू आखडत नेणारा जो आजार आपल्याकडं घरोघरी दिसतो, त्याचं मूळ कारण सुपारी आहे. तंबाखू कॅन्सरचा धोका आणखी वाढवते, पण तोंड आखडायला नुसती सुपारी पुरते.

गाल चिमटीत धरून पाहा, अंगठा आतून आणि तर्जनी बाहेरून. त्या दोन बोटांमध्ये बाहेरची कातडी आहे, थोडी चरबी आहे, बक्सिनेटर नावाचा चपटा स्नायू आहे आणि सर्वांत आत गुलाबी, ओलं अस्तर आहे. या अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर जिभेचं टोक फिरवलं तर गालावर बारीकसा उंचवटा लागतो. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथं उघडते. तोंडातल्या सगळ्या लाळग्रंथी मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात, आणि गालफडात धरलेल्या सुपारीचा अर्क त्याच लाळेतून तोंडभर पसरतो.

हिरड्यांवरचं आणि कडक टाळूवरचं अस्तर राठ असतं, कारण चावताना त्याला घर्षण सोसावं लागतं. गालाचं अस्तर तसं राठ नाही. ते मऊ आहे, ताणलं जातं, आणि म्हणूनच त्यातून पदार्थ आत झिरपतातही सहज. अस्तराच्या खाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची सैल वीण असते. काही पेशी हे तंतू सतत बनवतात, तर काही विकरं, म्हणजे एन्झाइम, जुने तंतू सतत मोडतात. बनणं आणि मोडणं बरोबरीनं चाललं की गाल मऊ राहतो.

सुपारी हीच बरोबरी मोडते, तीही एकाच वेळी अनेक बाजूंनी. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चिथावतं, त्यामुळं कोलॅजेन जास्त तयार होतं. सुपारीतली टॅनिनं त्या तंतूंना असं पक्कं करतात की विकरांना ते मोडता येत नाहीत. सुपारीत तांब्याचं प्रमाणही बरंच असतं, आणि कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांत गुंतवणाऱ्या विकराला, लायसिल ऑक्सिडेजला, नेमकं तांबंच लागतं. चुना अस्तर भाजतो आणि सुपारीतली द्रव्यं आत शिरायला मदत करतो. सुपारीचे टोकदार कण रोज नव्या जखमा करतात ते वेगळंच. काही वर्षांत वापरून मऊ झालेल्या लुगड्याच्या जागी ताडपत्री यावी, तसा गाल होतो. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांविषयी लिहिलं. आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्पष्टच जाहीर केलं की सुपारी, तंबाखू न मिसळताही, माणसात कॅन्सर करते. महाराष्ट्रानं गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं ‘मुक्तिपथ’ अभियान गावोगावी खर्ऱ्याविरुद्ध काम करतं. तरीही घरातलं माणूस नुसती सुपारी खातं म्हटल्यावर कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. शाळेच्या दारातल्या दुकानात पोराला गोड सुपारीची पुडी मिळते, आणि ती बहुतेक वेळा मोठ्यांच्याच पैशानं घेतलेली असते. मला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो.

पहिली खूण तोंड आखडण्याच्या बरीच आधी येते. रोजचीच भाजी तिखट लागायला लागते, ठेचा तर सोसवतच नाही. माणूस म्हणतो, उष्णता झाली, आणि मेडिकलमधून तोंड आल्याच्या गोळ्या आणतो. मग गालाचा गुलाबी रंग उडून तो पांढुरका दिसू लागतो. बोट फिरवलं तर आत उभ्या दोऱ्या लागतात. शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. पुष्कळ जण दवाखान्यात येतात ते यानंतर. एक पोरगा म्हणाला होता, “डाक्टर, गुपचूप बी तोंडात जात नाही.” गुपचूप म्हणजे पाणीपुरी.

तोंड उघडतं कसं, हे आपल्याच बोटांना समजतं. कवटीतल्या २२ हाडांपैकी हलतो तो फक्त खालचा जबडा. कानाच्या अगदी पुढं, दोन्ही बाजूंना बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी जबड्याची गोल गाठ जागच्या जागी फिरते. साधारण निम्मं तोंड उघडलं की ती पुढं घसरते आणि बोटाखाली खळगा पडतो. फिरणं आणि घसरणं अशा दोन्ही हालचाली करणारा हा सांधा आहे, आत कूर्चेसारखी चकती असलेला. आता दात घट्ट आवळा. कानशिलावर आणि जबड्याच्या कोपऱ्यावर जे टणक फुगतं, ते तोंड मिटणारे स्नायू. तोंड उघडणारे स्नायू त्यांच्यापुढं किरकोळ आहेत. त्यांतले काही हनुवटीखाली, मानेतल्या कंठिकास्थीला जोडलेले आहेत, आणि हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांध्यानं जोडलेलं नाही. इतक्या हलक्या ओढीनं गालातल्या कडक दोऱ्या ताणल्या जात नाहीत. सांधा चांगला असतो, स्नायू सुरुवातीला चांगले असतात, तरी तोंड उघडत नाही.

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही एकावर एक उभी रचून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं मावायला हवीत. दोनच मावत असतील तर तपासणी करून घ्या. एकच मावत असेल तर गोष्ट फक्त जेवणापुरती राहत नाही. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं, तर भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालता येत नाही. ती नाकातून, लवचीक दुर्बिणीच्या मदतीनं घालावी लागते, आणि अशी सोय तालुक्याच्या गावी क्वचितच असते.

तंतू टाळूच्या मागच्या मऊ भागातही साचतात. पडजीभ आकसते, आवाज नाकातून येऊ लागतो. कान आणि घसा जोडणारी नळी उघडणारा स्नायू याच मऊ टाळूत शिरतो, म्हणून काहींचा कानही बंद झाल्यासारखा वाटतो. सुपारी थांबवली की आजाराची वाढ बहुधा अडते, तिखट पुन्हा खाता येऊ लागतं. साचलेले तंतू मात्र आपोआप विरघळत नाहीत. डॉक्टर गालात इंजेक्शनं देतात, गरज पडली तर दोऱ्या कापून गालातलीच चरबी तिथं बसवतात. त्याबरोबर रोजचा व्यायाम असतो: आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवत न्यायची. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, दुखतोही, आणि ऑपरेशननंतर तो सोडून देणाऱ्यांचं तोंड पुन्हा आखडतं.

आखडलेल्या तोंडांपैकी काहींमध्ये पुढं कॅन्सर होतो. आपल्याकडं तो बहुतेक वेळा गाल आणि हिरडीमधल्या खाचेत सुरू होतो, जिथं खर्रा मुरत पडलेला असतो. जिभेच्या कडेलाही होतो, आणि तेव्हा कान दुखू शकतो. जिभेच्या पुढच्या भागाची आणि कानापुढच्या त्वचेची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी पाचव्याच्या एकाच फांदीतून मेंदूकडं जाते. जिभेच्या मुळाची आणि मधल्या कानाची संवेदना नवव्या मज्जातंतूतून. दुखणं नक्की कुठून आलं हे मेंदूला कळत नाही. माणूस कानात कोमट तेल सोडत बसतो, आणि जखम जिभेवर वाढत राहते.

तोंडातून रोग निघतो तो मानेकडं. मान एका बाजूला वळवली की कानामागून छातीच्या हाडापर्यंत एक जाड स्नायू तिरपा उठून दिसतो. त्याच्या आड मेंदूला रक्त नेणारी आणि तिथून आणणारी अशा दोन मोठ्या वाहिन्या आहेत, आणि त्यांच्याच कडेनं लसिका गाठींची, म्हणजे लिम्फ नोड्सची, रांग. शरीरातल्या अशा सुमारे ८०० गाठींपैकी ३०० च्या आसपास एकट्या मानेत आहेत. गालातली कॅन्सरची पेशी आधी जबड्याखालच्या गाठीत अडकते, मग खाली उतरत जाते. दात किडला किंवा घसा बसला तरी गाठ येते, पण ती दुखते आणि काही दिवसांत बसते. न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ जास्त काळजीची.

हाताला गाठ लागत नसतानाही गाठींत रोग असू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, इतरांच्या नंतर रोग दिसला तेव्हाच. पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. जगभरच्या उपचारांत या अभ्यासानं फरक पडला.

म्हणून गालातल्या लहानशा जखमेसाठी मान उघडायची म्हटल्यावर घरच्यांनी घाबरू नये. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल यांनी हे ऑपरेशन मांडलं तेव्हापासून बराच काळ गाठींसोबत तो तिरपा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याचा अकरावा मज्जातंतूही काढून टाकत. खांदा पडायचा, हात डोक्याच्या वर जायचा नाही. आता शक्य तिथं तो मज्जातंतू वाचवतात. ज्याला डोक्यावर गवताचा भारा चढवायचा आहे, त्यानं ऑपरेशनच्या आधी सर्जनला याबद्दल जरूर विचारावं.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय, सेवाग्रामचं रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, या सगळ्या ठिकाणी तोंडाची तपासणी होते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर पेरणी-सवंगणी होण्याची वाट न पाहता जा. तपासायला मिनिटं लागतात, आणि शंका आली तर छोटासा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत पाठवतात.