ट्रायल्स सायकलची चेन ताणणारी साधने : पार्श्वभूमी

खडक, ओंडके आणि कठडे पाय न टेकता पार करण्यासाठी बनवलेली ट्रायल्स सायकल पुण्यात तयार सहसा मिळत नाही. त्यामुळे हा खेळ शिकू पाहणारा तरुण बहुधा एखादी एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन तिचे गिअर काढून टाकतो आणि चेन सैल पडते तेव्हा अडतो. त्यावर दोन प्रकारची साधने आहेत. एक मागच्या चाकाचा ऍक्सल (आस) सरकवून चेन ताणते, तर दुसरे स्प्रिंगच्या जोरावर चेनला दाबून धरते. दोन्ही वेगवेगळ्या गरजांतून आली आहेत आणि त्यांचा इतिहास पाहिल्याशिवाय निवड नीट करता येत नाही.

हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) असलेली रोलर चेन तयार केली आणि १८८५ च्या रोव्हर सायकलने मागचे चाक चेनने फिरवण्याची पद्धत रूढ केली. चेन वापराने लांबते, पण पट्ट्या ताणल्या जातात म्हणून नव्हे. प्रत्येक पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि त्या झिजेची बेरीज होते. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांतले अंतर १२.७ मिलिमीटर असते. कड्यांची एक पूर्ण जोडी काढली तर ऍक्सल साधारण तेवढाच पुढे येतो, त्यामुळे मधला फरक भरून काढण्यासाठी ऍक्सलला सरकायला जागा हवीच. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ओळख होती, तेव्हाच्या काळ्या सायकलींना यासाठी मागे लांब खाच असे. मिस्त्री नट ढिले करून चाक मागे ओढी, चेन बोटाने वर-खाली करून पाही आणि चाक चिमट्याच्या बरोबर मध्ये आले की नट आवळी.

मोटरसायकलच्या ट्रायल्समध्ये हा प्रश्न अधिक अवघड झाला. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासूनची आहे. तिथल्या गाड्यांची मागची बाजू ताठ, म्हणजे सस्पेन्शन नसलेली असावी असाच बहुतेकांचा आग्रह होता. अशा वेळी १९४८ साली रॉयल एनफिल्डने स्विंग आर्म (मागचे चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) असलेली नवी बुलेट इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये उतरवली. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ मध्ये रॉयल एनफिल्डवर स्कॉटिश ट्रायल जिंकली आणि त्या आग्रहात फारसे तथ्य उरले नाही. मात्र स्विंग आर्मची खीळ आणि पुढचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र) एका केंद्रावर नसल्यामुळे चाक वर-खाली होताना चेन कधी सैल, कधी ताठ होते. म्हणून पुढच्या काळात ट्रायल्स मोटरसायकलींना स्प्रिंगवर दाबणारा दांडा आणि चेन घासण्यासाठी प्लॅस्टिकचा ठोकळा आला. ऍक्सल सरकवण्यासाठी बुलेटला कडेवर खाचा असलेला गोल कॅम असतो. तो फिरवला की त्याची वाढत जाणारी कडा ऍक्सलला मागे ढकलते आणि खाच पिनेवर अडकून बसते. पुण्यात बुलेटचे काम करणाऱ्या जुन्या गॅरेजांत हा भाग हाताळलेला नाही असा मिस्त्री मिळणे कठीण.

सायकलची ट्रायल्स याच मोटरसायकलींच्या पोटी जन्मली. स्पेनमधल्या मोंटेसा कंपनीच्या ट्रायल्स गाड्यांवर काम केलेले कातालोनियाचे पेरे पी यांनी आपल्या मुलासाठी त्याच धर्तीची सायकल बनवली. तो मुलगा ओत पी पुढे विश्वविजेता झाला. १९८६ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची ट्रायल्सची जागतिक स्पर्धा सुरू झाली. या सायकलीला मागे सस्पेन्शन नसते आणि गिअरही एकच असतो. म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल आणि गिअर बदलणे, ही स्प्रिंगची जी दोन कारणे होती, ती दोन्ही इथे नाहीत. खास ट्रायल्सच्या फ्रेमवर लांब खाच आणि खाचांचा कॅम हीच रचना रुजली, ती त्यामुळेच.

इथे चेनवर ताण किती येतो, तेही पाहावे. ७० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) नुसता उभा राहिला, तर पुढच्या ४४ दातांच्या चक्रावर चेनला सुमारे १३५ किलोंचा ओढा बसतो; ट्रायल्समध्ये नेहमी असते त्या १८ दातांच्या चक्रावर तोच ओढा सव्वातीनशे किलोंच्या वर जातो, आणि उडीचा झटका वेगळाच. १२ दातांच्या मागच्या चक्रात फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) मावत नाही, म्हणून ते क्रँकवर बसवतात. परिणामी चाक फिरत असेपर्यंत चेनही फिरत राहते. फ्रीव्हीलमध्ये माती गेली की चेनचा खालचा भाग ओढला जातो आणि स्प्रिंगचा टेन्शनर नेमका तिथेच हार मानतो.

गिअरच्या एमटीबीला मात्र उभे ड्रॉपआउट (ऍक्सल बसण्याच्या खाचा) असतात, कारण तिथे चेन ताणण्याचे काम डिरेलर (गिअर बदलणारा स्प्रिंगचा भाग) करतो. अशा फ्रेमवर ऍक्सल सरकतच नाही, तेव्हा डिरेलरच्या जागी बसणारा टेन्शनर घेण्याला पर्याय नाही. त्यातही चेनला खालून वर दाबणारा घ्यावा. तो मागच्या चक्राभोवती चेनचा वेढा वाढवतो आणि अधिक दात पकडीत येतात. खाली ओढणारा टेन्शनर वेढा कमी करतो, म्हणून या खेळासाठी मी तो सुचवणार नाही.

कॅम बसवताना दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाची खाच पिनेवर यायला हवी. चक्र पूर्ण गोल कधीच नसते, त्यामुळे चाक हळूहळू फिरवून चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधावी आणि तिथे मधोमध सुमारे एक सेंटिमीटर ढिलाई ठेवावी. नट आवळताना उजवी बाजू पुढे सरकते का, तेही पाहावे. रिमवर धरणारे ब्रेक असतील तर ऍक्सल सरकल्यावर पॅडही रिमच्या कडेशी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.