तुकोबांना पैसा नकोसा होता?

‘तुकाराम महाराज पैशाला पाप मानत’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. तुकोबा देहूचे वाणी, घरात महाजनकी, म्हणजे बाजारपेठेचं वतन. त्यांचाच अभंग आहे: ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ धन जोडा, पण सचोटीनं. आणि खर्चताना जीव त्यात अडकू देऊ नका. खर्च कुठे, तेही पुढे येतं: गाई-पशूंचं पालन, रानात तहानलेल्याला पाणी.

मग तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलेली कर्जखतं, म्हणजे लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद? परंपरा सांगते, भाऊ कान्होबाच्या वाट्याची खतं तुकोबांनी त्याच्या हाती दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. हा अर्धा भाग सांगायचा राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.