दख्खनच्या लढायांची पदके: संग्रह आणि मोल यांची पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील एका रुपेरी पदकावर मराठी वाचकाला ओळखीची वाटतील अशी इतकी गावे आहेत की, लष्करी पदकांच्या संग्रहाची चर्चा महाराष्ट्रात करायची झाल्यास तिची सुरुवात तिथूनच करावी लागते. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ या नावाने ते ओळखले जाते आणि १७९९ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ते १८५१ साली मंजूर झाले. पदकाच्या फिकट निळ्या फितीवर लढाईचे नाव कोरलेली चांदीची आडवी पट्टी बसवलेली असते. संग्राहक तिला क्लॅस्प म्हणतात. असे एकूण २१ क्लॅस्प मंजूर झाले आणि त्यांपैकी १० क्लॅस्पवरची ठिकाणे आजच्या महाराष्ट्रात येतात: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, ‘खडकी आणि पुणे’, सीताबर्डी, नागपूर, ‘सीताबर्डी आणि नागपूर’ आणि कोरेगाव. खडकी आणि पुणे या दोन लढाया नोव्हेंबर १८१७ मध्ये काही दिवसांच्या अंतराने झाल्या, आणि फक्त पहिलीत, फक्त दुसरीत किंवा दोन्हींत हजर असलेल्या माणसासाठी तीन निरनिराळ्या पट्ट्या पाडण्यात आल्या. नेपाळ, आवा (ब्रह्मदेश) आणि भरतपूर ही तीन नावे वगळली, तर उरलेले १८ क्लॅस्प दुसऱ्या आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धांतील आहेत. मराठेशाहीच्या अखेरीचा नकाशाच या फितीवर उमटला आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हिंदी शिपायाला पदक देण्याची प्रथा मात्र याहून बरीच जुनी आहे, आणि तिचाही उगम मराठ्यांशी झालेल्या युद्धातच सापडतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्ड याच्या हाताखाली गुजरात आणि पश्चिम हिंदुस्थानात लढलेल्या, तसेच दक्षिणेत कर्नाटकात कामगिरी केलेल्या बंगाल सैन्यातील हिंदी सैनिकांसाठी कंपनीने १७८४ मध्ये ‘डेक्कन मेडल’ मंजूर केले. ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले, त्याच्या एका बाजूला ब्रिटानियाची आकृती आणि दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर होता, आणि ते पिवळ्या दोरीत ओवून गळ्यात घालायचे असे. त्यावर मिळवणाऱ्याचे नाव नव्हते. त्यानंतर श्रीरंगपट्टणच्या पाडावासाठी, म्हणजे ४ मे १७९९ च्या लढाईसाठी दिलेल्या पदकात हुद्द्याची उतरंड धातूतच उतरवण्यात आली. वरिष्ठांना सोने, त्याखालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग साधी चांदी, मग ब्राँझ आणि शिपायाला कथील अशी ती वाटणी होती. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन याच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या या पदकावर सिंहाने वाघाला लोळवलेले दाखवले आहे. वाघ हे टिपूचे चिन्ह होते. पदकाला अडकवण्यासाठी कडी नव्हती आणि त्यावर नावही नव्हते, म्हणून आज श्रीरंगपट्टणचे पदक हाती आले तरी ते कोणाच्या छातीवर होते हे स्वतंत्र कागदपत्रांशिवाय सांगता येत नाही. कथील मऊ आणि लवकर खराब होणारे असल्याने शिपायांच्या पदकांपैकी चांगल्या अवस्थेत उरलेली थोडीच आहेत, आणि सर्वांत स्वस्त धातूचे पदक सुस्थितीत मिळणे हेच त्यामुळे अवघड होऊन बसले आहे.

पदकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, सैनिकाचे नाव उमटवण्याची पद्धत ब्रिटिश सैन्यात १८१५ च्या वॉटर्लू पदकापासून रुळली. सर्व हुद्द्यांच्या सैनिकांना सरकारने दिलेले ते पहिले ब्रिटिश पदक होते. त्याआधीच्या युद्धांतील सैनिकांना मात्र दीर्घकाळ काहीच मिळाले नाही. स्पेन-पोर्तुगालमधील जुन्या लढाऊंच्या मागणीला त्यांचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन (असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली) याचा स्वतःचाच विरोध होता. अखेर १८४७ मध्ये त्यांच्यासाठी पदक निघाले आणि मग हिंदुस्थानातील युद्धांचा प्रश्न मागे ठेवणे कठीण झाले. १८५१ चे पदक या मागणीतून आले आणि त्याचा खर्च कंपनीने उचलला. असई, अडगाव आणि गाविलगड असे तीन क्लॅस्प असलेले पदक खुद्द वेलिंग्टनलाही मिळाले.

या पदकाची एक अट त्याच्या आजच्या दुर्मीळतेचे मूळ आहे. ते फक्त हयात असलेल्यांना, आणि त्यांनी अर्ज केल्यास, मिळणार होते. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या दिवशी विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये सत्तरीला टेकलेला होता. तो जिवंत असला तरी कोकणातल्या किंवा मद्रास इलाख्यातल्या आपल्या गावी बसून अशी घोषणा झाल्याचे त्याला कळणे, कोणाकडून तरी अर्ज लिहून घेणे आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या नोकरीचा दाखला जुळवणे हे सारे किती जणांना शक्य झाले असेल याचा अंदाज बांधता येतो. सैन्यसंख्या लाखाच्या हिशेबात असलेल्या एका काळासाठी वाटली गेलेली पदके म्हणूनच काही हजारांत राहिली. कोरेगावच्या क्लॅस्पचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या नेतृत्वाखाली लढलेली तुकडी मुळातच लहान होती. ३३ वर्षांनंतर तिच्यातले हयात असलेले आणि अर्ज करू शकलेले आणखी कमी होते. ‘कोरीगॉम’ अशा इंग्रजी उच्चाराने लिहिलेली ती पट्टी लिलावात क्वचितच दिसते, आणि दिसली की तिच्या खरेपणाची तपासणी सर्वांत कसून होते.

पदक हातात घेऊन पाहिल्यास समोर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि मागे बसलेली विजयदेवता, तिच्याशेजारी शस्त्रांचा ढीग आणि ताडाचे झाड दिसते. विल्यम वायन याने त्याची घडण केली. मागच्या बाजूच्या सालांमध्ये असलेली आडवी रेघ काही पदकांवर आखूड तर काहींवर लांब आहे, कारण ठसे दोन होते. संग्राहक या रेघेची नोंद आवर्जून करतात. याहून महत्त्वाचा भेद कडेवर आहे. युरोपीय सैनिकांची नावे ठशाने मोठ्या रोमन अक्षरांत उमटवलेली असतात, तर हिंदी सैनिकांची नावे हाताने वळणदार रोमन लिपीत कोरलेली असतात. म्हणजे एका बाजूला यंत्राचा ठसा आहे आणि दुसऱ्या बाजूला कोरक्याचा हात. इंग्रजी कानांनी ऐकलेली ती नावे कधी कधी ओळखू येऊ नयेत इतकी बदललेली असतात. मुंबई सैन्यातल्या नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय दिसला, तर तो शिपाई महार समाजातला असल्याचे समजते. कोरेगावच्या स्तंभावरील नावांतही तो प्रत्यय अनेकदा येतो. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये ‘१११ महार्स’ ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. या चार वर्षांच्या पलटणीचे नाव कडेवर असलेले पहिल्या महायुद्धाचे पदक आज अभ्यासकाला का हवेहवेसे वाटते, ते यावरून ध्यानात यावे.

याच लढायांत दुसऱ्या बाजूने लढलेल्या माणसासाठी असे कोणतेही पदक नाही. मराठ्यांच्या दरबारात पराक्रमाचा गौरव सोन्याचे कडे, तोडा, मानाची वस्त्रे, तलवार, पालखीचा मान किंवा इनाम जमीन या रूपाने होत असे. कडे पुढच्या पिढीत मोडले जाई, वस्त्रे जीर्ण होत आणि इनामाची आठवण सनदेत राही. त्यामुळे खडकीच्या रणांगणावरील बापू गोखल्यांच्या फौजेतल्या स्वाराची खूण संग्राहकाच्या पेटीत मिळणार नाही. ती पेशवे दप्तरातच शोधावी लागते. पदकांचा संग्रह पाहताना ही उणीव मनात ठेवली पाहिजे, असे मला फार वाटते, कारण संग्रह हा नेहमी ज्याने वस्तू दिली त्याच्या बाजूने बोलत असतो.

पदके जमवण्याचा छंद ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला. नाण्यांचे व्यापारी आणि लिलावगृहे यांनी त्याला बाजार दिला, शतकाच्या अखेरीस या विषयावरचे मोठे संदर्भग्रंथ निघाले आणि १९४२ मध्ये ‘ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी’ स्थापन झाली. या सर्वांचा परिणाम म्हणून पदकाच्या किमतीचे गणित बदलले. पूर्वी चांदीचे वजन आणि दिसण्याची नवलाई यांवर भाव ठरे; आता कडेवरचे नाव सरकारी यादीशी जुळते की नाही, त्या माणसाला तो क्लॅस्प खरोखर मिळाला होता का, तो लढाईत जखमी किंवा ठार झाला होता का, या प्रश्नांना महत्त्व आले. कंपनीच्या युद्धपदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची पदक-कार्डे जवळपास पूर्ण मिळतात, हिंदी शिपायांची तशी मिळत नाहीत. एकाच लढाईच्या दोन पदकांपैकी इंग्रज लेफ्टनंटचे पदक महाग आणि नाईकाचे स्वस्त राहण्यामागे हुद्द्यापेक्षाही हे कारण मोठे आहे. ज्याचा कागद सापडतो त्याची कहाणी सांगता येते, आणि बाजार कहाणीला पैसे मोजतो.

नोंद नसलेली पदके मग कुठे गेली? त्यांतली फार मोठी संख्या सराफाच्या तराजूत गेली. १९१४ ते १९२० या काळाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे आहे आणि त्याचे वजन अडीच-पावणेतीन तोळे भरते. दुष्काळाच्या वर्षी, मुलीच्या लग्नात किंवा वाटणीच्या वेळी घरातली ही चांदी मोडीत निघाली, आणि तिचे पैंजण किंवा ताटवाट्या झाल्या. यात त्या कुटुंबांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. युद्धात मिळालेली चांदी अडचणीच्या वेळी उपयोगी पडली, आणि इंग्रजीत कोरलेले नाव वाचणारे घरात बहुधा कोणी नव्हते. ब्रिटनमध्येही हेच घडले: जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा संग्राहकाच्या किमतीपेक्षा धातूचीच किंमत जास्त झाली आणि अशी असंख्य पदके वितळवण्यात आली. त्याबरोबरचा ब्राँझचा तारा (ताऱ्याच्या आकाराचे पदक) आणि व्हिक्टरी मेडल मात्र उरले, कारण त्यांत मोडण्यासारखे काही नव्हते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आजही एकटा ताराच हाती लागतो, त्यामागची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

एका माणसाची सर्व पदके एकत्र राहिली असतील तर त्यांना संग्राहक ग्रुप म्हणतात, आणि ग्रुप फुटला की प्रत्येक पदकाचे मोल एकट्याने घटते. समजा, १०३ मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाची तारा, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल अशी तीन पदके एकत्र आहेत. ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात शरण गेलेल्या फौजेत तिचा समावेश होता. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिन्ही पदकांवर जुळत असेल, आणि तो त्या वेढ्यात होता असे कागदावरून दाखवता आले, तर त्या संचाचे मोल सुट्या तीन पदकांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होते. छावणीबरोबर गेलेल्या डोलीवाल्यांना, भिश्त्यांना, मोतद्दारांना आणि आचाऱ्यांना अनेक मोहिमांत तेच पदक चांदीऐवजी ब्राँझमध्ये मिळे. ती पदके एकेकाळी संग्राहक बाजूला सारत. संख्येने कमी असल्याने आता तीच शोधून घेतली जातात, आणि हा बदल मला न्याय्य वाटतो.

मागणी वाढली तशी लबाडीही आली. सर्वांत जुनी लबाडी म्हणजे साध्या शिपायाचे नाव घासून काढून तिथे प्रसिद्ध पलटणीचे नाव घालणे. घासल्यावर कड किंचित बारीक होते, म्हणून जाणकार व्हर्नियर कॅलिपरने पदकाचा व्यास निरनिराळ्या दिशांनी मोजतात. ३६ मिलिमीटरच्या पदकात थोडाही फरक आढळला की शंका घेतात. क्लॅस्प मागून जोडला असेल तर त्याचे रिव्हेट वेगळे दिसतात. श्रीरंगपट्टणसारख्या पदकांच्या नंतर काढलेल्या प्रतीही बाजारात आहेत. याउलट, अनेक घरांत प्रेमापोटी होणारे नुकसान म्हणजे पदक राखेने किंवा पॉलिशने लखलखीत करणे. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली करडी झाक जाते, उठाव झिजतो, कडेवरची कोरीव अक्षरे पुसट होतात, आणि पदकाची ओळख जिच्यावर टिकून असते ती ओळच वाचता येईनाशी होते.

स्मरणार्थ काढलेल्या पदकांची वाट काहीशी निराळी आहे. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी काढलेल्या मोठ्या पदकावर इंग्रजी आणि उर्दूबरोबर ‘हिंद का कैसर’ हे शब्द देवनागरीत आहेत, तर १९११ च्या दरबाराचे चांदीचे पदक लष्करातही वाटले गेल्याने सैनिकांच्या ग्रुपमध्ये अनेकदा सापडते. दरबाराच्या या पदकांवर सामान्यतः नाव नसते, म्हणून त्यांचा भाव संख्येवर आणि स्थितीवर ठरतो. एखाद्या ओळखीच्या व्यक्तीकडे ते होते असे सिद्ध करणारे पत्र किंवा छायाचित्र सोबत असेल तरच तो चढतो.

भारतात या संग्रहाला कायद्याची चौकटही आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून अंमलात आला आणि त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते; अशा वस्तूची खासगी निर्यात करता येत नाही. आर्मी ऑफ इंडिया पदक केव्हाच त्या मर्यादेपलीकडे गेले, आणि पहिल्या महायुद्धाची पदकेही आता गेली आहेत. लंडनच्या लिलावातील भाव पाहून सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरातील पदक परदेशी पाठवण्याचा विचार करणाऱ्याने ही बाब आधी जाणून घ्यावी. देशातल्या देशात विक्री करायची झाल्यास पदकाबरोबर पेन्शनचा कागद, डिस्चार्ज पुस्तिका, जुने छायाचित्र आणि गावातील स्मारकशिलेवरील नोंद जोडून ठेवल्यास कडेवरच्या नावाला आधार मिळतो, आणि सरकारी यादी अपुरी असेल तिथे घरातलाच कागद त्या नावाचा एकमेव पुरावा ठरतो.