मेंदूला नवल का वाटेनासं होतं

‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचं खूळ काही ओसरत नाही. एक दिवस फोन नाही, गाणी नाहीत, गप्पा नाहीत. मेंदूत साचलेलं डोपामिन हे रसायन म्हणे निघून जातं आणि लहानपणासारखं सगळं पुन्हा नवं वाटू लागतं. शांत बसायला माझी हरकत नाही. पण डोपामिन हा साचणारा मळ नव्हे. ते तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो, साधी हालचालही अडखळते. शिवाय मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत या पेशी सर्वांत जोरात कधी बोलल्या, तर फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला तेव्हा. म्हणजे नवल हवं म्हणून नवलाचंच रसायन काढून टाकायला निघालेली ही मंडळी!

दुसरा गैरसमज जास्त सभ्य आहे: मुलांना काही माहीत नसतं, म्हणून त्यांना नवल वाटतं. २०१५ साली एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन यांनी ११ महिन्यांच्या बाळांना एक चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवला. नंतर तो हातात दिल्यावर बाळं तो आपटून पाहू लागली. आधाराशिवाय हवेत राहिलेली खेळण्यातली गाडी मात्र त्यांनी खाली टाकून पाहिली. चेंडू भिंतीला अडायला हवा, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. अपेक्षाच नसेल तर नवल कशाचं?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कागदावर एक गडद ठिपका काढा, थोड्या अंतरावर फिकट रंगाचा डाग. ठिपक्यावर नजर खिळवून ठेवली की काही सेकंदांत डाग विरून जातो. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी हे १८०४ मध्ये नोंदवलं. जे बदलत नाही ते मज्जासंस्था बाजूला टाकते. व्हिडिओ साठवतानाही हीच युक्ती वापरतात: प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण न साठवता आधीच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधायचा आणि फक्त फरक नोंदवायचा.

मेंदूचा दृष्टिविभाग याच्याही पुढे जातो. ह्यूबेल आणि वीझल यांना १९६० च्या दशकात तिथे काही विचित्र पेशी सापडल्या होत्या. आखूड रेषा दाखवली की त्या उत्तेजित होत. तीच रेषा लांबवली की गप्प. जास्त रेषा आणि कमी प्रतिसाद, हे कसं? १९९९ मध्ये राजेश राव आणि डाना बॅलार्ड यांनी एक देखणं उत्तर सुचवलं. दृष्टिविभागातला वरचा थर खालच्या थराला सतत भाकीत पाठवतो, आणि खालचा थर वर पाठवतो ती फक्त त्या भाकितातली चूक. निसर्गात रेषा बहुधा पुढे चालूच राहते. म्हणून लांब रेषेचं भाकीत बरोबर येतं आणि पेशीकडे कळवण्यासारखं काही उरत नाही. रेषा मध्येच तुटली की भाकीत चुकतं आणि पेशी बोलते. त्यांनी संगणकातल्या प्रतिकृतीला निसर्गातली चित्रं दाखवली, तर अशा पेशी तिच्यात आपोआप तयार झाल्या. हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

पुढचा भाग जरा जड आहे. प्रत्येक चूक वर पोचत नाही. मेंदू तिला वजन देतो. गणितात ते व्हेरियन्सचा, म्हणजे आकडे किती विखुरलेले आहेत त्या मापाचा, व्यस्तांक असतं. ज्या चुकीवर भरवसा जास्त, तिचं वजन जास्त. लक्ष देणं म्हणजे हे वजन हलवणं, असं या सिद्धान्ताचे समर्थक मानतात. या चौकटीतून पाहिलं तर घाईतल्या प्रौढाचं सगळं वजन हातातल्या कामाच्या चुकांवर असतं: वेळ चुकली, उत्तर द्यायचं राहिलं. मुंगी वाट सोडून भलतीकडे वळली, हीसुद्धा भाकितातली चूकच, पण ती दारातच अडते. खरं तर मोठ्या माणसाच्या अपेक्षा मुलापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे चकित होण्याच्या जागाही जास्त. काम बाजूला ठेवलं की वजन थोडं मोकळं होतं, इतकाच शांत वेळेचा उपयोग. मन रिकामं करायची गरज नाही.

आणि नुसतं रिकामं बसणं अनेकांना झेपतही नाही. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं होतं. सोबत फक्त विजेचा झटका देणारं बटण. तो झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी स्वतःला झटका देऊन घेतला.

नजरेला काम दिलं तर जमतं. २०२० मध्ये व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांचे दोन गट ८ आठवडे, आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चालायला पाठवले. एका गटाला लहान मुलाच्या नवलाने आजूबाजूला बघा असं सांगितलं, दुसऱ्याला फक्त चाला. दोघांनी सेल्फी काढायचे होते. पहिल्या गटाच्या फोटोंत आठवड्यागणिक माणूस लहान होत गेला, मागचं दृश्य जास्त जागा घेऊ लागलं आणि हसू रुंदावलं. चालणं दोन्ही गटांचं झालं होतं. फोटोतला हा बदल मात्र फक्त चाललेल्यांत तसा दिसला नाही.