खपलेलं पुस्तक म्हणजे कामाचं पुस्तक? एक खुलासा

म्हापशात किंवा मडगावात नवा धंदा काढणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: यशस्वी कंपन्यांवरची, लाखोंनी खपलेली पुस्तकं वाच, गमक त्यातच आहे. हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो फसवा आहे.

जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टू ग्रेट’ हे असंच लाखोंनी खपलेलं पुस्तक २००१ साली आलं. त्यात ११ अमेरिकी कंपन्या आदर्श ठरवल्या होत्या. २००८ मध्ये त्यांतल्याच सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गृहकर्जांच्या धंद्यातली फॅनी मे ही कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

लेखकाने लबाडी केली असं नव्हे. गोची पद्धतीत आहे: आधी जिंकलेले निवडायचे, मग कारणं शोधायची. कळंगुटला टिकलेल्या शॅकवाल्यालाच विचारा. तो सांगेल, मासळी ताजी घेतो, गिऱ्हाईक सांभाळतो. बंद पडलेला शेजारीही नेमकं हेच करत असेल, पण त्याला विचारतो कोण? शिवाय भरभराटीत मालकाचा जो हट्ट ‘दूरदृष्टी’ म्हणून छापला जातो, तोच पडत्या काळात हेकेखोरपणा ठरतो. ‘द हेलो इफेक्ट’ या पुस्तकात फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये हेच दाखवलं.

म्हणून विकत घेण्याआधी पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चाळून बघा. बुडालेल्यांचा हिशेब आहे का? पुस्तक दहा वर्षं जुनं असेल तर उत्तमच, त्यातल्या कंपन्यांचं पुढे काय झालं ते ताडता येतं. आणि हिशेब, किंमत ठरवणं, करार यांवरची रटाळ पुस्तकं? ती बिनधास्त घ्या.