मोटारीतील बिनतारी संचाची विद्युत् जोडणी

मोटारगाडीत कायम बसवलेल्या, बोलणे आणि ऐकणे दोन्ही करता येणाऱ्या बिनतारी संचाला (बोलीत ‘मोबाइल सेट’ किंवा नुसता ‘सेट’) गाडीच्या बॅटरीतून वीज पुरवण्याची पद्धत. नागपूर परिसरात असे संच पोलीस आणि वन विभागाच्या गाड्यांत, कोळसा खाणींच्या वाहनांत आणि हौशी रेडिओचालकांच्या खाजगी मोटारींत आढळतात. संचाची रचना १३.८ व्होल्ट गृहीत धरून केलेली असते. बहुतेक उत्पादक त्यात १५ टक्के कमी-जास्त चालवून घेतात, म्हणजे साधारण ११.७ ते १५.९ व्होल्ट. ५० वॅटचा व्हीएचएफ (अति उच्च कंप्रतेचा) संच बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो, नुसता ऐकत असताना मात्र अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी. जोडणीतले बहुतेक घोळ या तफावतीमुळे लपून राहतात. ऐकू स्वच्छ येते म्हणून काम झाले असे वाटते आणि बोलायचे बटण दाबताच पडदा विझून संच पुन्हा सुरू होतो.

इतिहास : मोटारीतला पहिला पोलीस रेडिओ कोणाचा, याविषयी एकमत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया पोलिसांनी १९२३ च्या सुमारास मेलबर्नमध्ये गाडीत बिनतारी यंत्रणा बसवली. तिचा वापर मुख्यतः मोर्स संकेतांपुरता होता. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांची सेवा १९२८ मध्ये सुरू झाली, पण गाडीत फक्त ग्राहक (रिसीव्हर) असे, उत्तर देण्याची सोय नव्हती. न्यू जर्सीतील बेयोन शहराने १९३३ मध्ये गाडीतून उलट बोलण्याची सोय केली. दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष बोलणे ही कसोटी धरली, तर बेयोनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. कंप्रता विरूपण (एफएम) वापरणारी दुतर्फा यंत्रणा १९४० च्या आसपास कनेक्टिकट राज्य पोलिसांकडे आली. तिच्या आखणीचे श्रेय डॅनियल नोबल यांना दिले जाते.

निर्वात नलिकांना काही शे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे ६ व्होल्टची. त्यामुळे मध्ये व्होल्ट वाढवणारा डायनामोटर किंवा कंपक (व्हायब्रेटर) बसवावा लागे आणि बोलताना बॅटरीवर ३० अँपिअरहून अधिक भार येई. बोटाएवढ्या जाड तारा थेट बॅटरीपर्यंत नेण्याची प्रथा त्या काळातली. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन गाड्या १२ व्होल्टवर आल्या. ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. या ‘पॉझिटिव्ह अर्थ’ची कारणे निरनिराळी सांगतात : अग्रांचे क्षरण कमी होते, स्पार्क प्लगला कमी विद्युत् दाब (व्होल्टेज) पुरतो, इत्यादी. प्लगविषयीचा युक्तिवाद फारसा टिकत नाही, कारण प्लगची ध्रुवता इग्निशन कॉइलच्या जोडणीवर ठरते, बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला आहे यावर नाही. ट्रान्झिस्टरी संच आल्यावर उलट ध्रुवता महागात पडू लागली. म्हणून आजच्या संचांत वीज आत येते तिथेच धन व ऋण तारांमध्ये एक आडवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) असतो. तारा उलट्या लागल्या तर तो मंडल संक्षिप्त (शॉर्ट सर्किट) करतो आणि फ्यूज उडतो. फ्यूजऐवजी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा लावलेला असला, तर डायोड जळतो आणि मागोमाग संचही.

तार व दाबातील घट : तारेची जाडी ‘किती अँपिअर झेपते’ यापेक्षा ‘किती व्होल्ट गळतात’ यावरून ठरवावी लागते. बॅटरीपासून आसनाखालच्या संचापर्यंत ५ मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. १२ अँपिअरला १.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेत सुमारे १.६ व्होल्ट, २.५ चौ. मिमी. तारेत ०.९५ आणि ४ चौ. मिमी. तारेत ०.६ व्होल्ट घट होते. इंजिन बंद असताना पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १.५ चौ. मिमी. तार लावली तर संचाला ११ व्होल्टच उरतात, म्हणजे मर्यादेच्या खाली. हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. ७० अंशांना तांब्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बोनेटखाली एवढे तापमान नवलाचे नाही. म्हणून ५० वॅटला ४ चौ. मिमी. आणि २५ वॅटला २.५ चौ. मिमी. ही किमान जाडी मानावी.

घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी तार ७० अंशांपर्यंतच्या आवरणाची असते. इंजिनाशेजारून न्यायची असेल तर १०५ अंशांची ऑटो-वायर घ्यावी. स्वस्तातली ‘कॉपर कोटेड’ तार म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो आणि दाबून बसवलेल्या लगखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) ती कालांतराने ढिली पडते. ओळखायची युक्ती सोपी : एक पदर ब्लेडने खरवडला की आत पांढरे दिसते.

फ्यूज : फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, संचाच्या नव्हे. म्हणून तो बॅटरीच्या धन अग्रापासून १५ ते २० सेंमी.च्या आत हवा. संचाजवळ फ्यूज आणि बोनेटखाली दोन मीटर उघडी तार, ही चूक सर्रास दिसते. पत्र्याच्या कडेला आवरण घासले गेले, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या तारेतून जातो. ५० वॅटच्या संचाला १५ अँपिअरचा (निळा) किंवा उत्पादकाने सांगितल्यास २० अँपिअरचा (पिवळा) पाती फ्यूज लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ५-१० वॅटपलीकडचा संच चालवू नये. तिथल्या स्प्रिंगचा स्पर्श मोठ्या प्रवाहाला तापतो आणि प्लास्टिक मऊ पडते.

ऋण तारेचा वाद : ऋण तार नेमकी कुठे जोडावी, याविषयी दोन पक्ष आहेत. जुन्या पक्षानुसार दोन्ही तारा थेट बॅटरीच्या अग्रांवर न्याव्यात आणि दोहोंत फ्यूज असावा. सांगाड्याच्या जोडांना रोध असतो आणि अल्टरनेटरचा (मेकॅनिकच्या भाषेत ‘डायनॅमो’चा) खडखडाट त्याच वाटेने संचात शिरतो, हा त्यांचा मुद्दा. ऋण तारेतल्या फ्यूजचे कारण वेगळे आहे. बॅटरी व इंजिन यांना जोडणारी अर्थ-पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा दीड-दोनशे अँपिअर प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो. अँटेनाच्या केबलची जाळी, संचाचे कवच आणि ऋण तार मिळून त्याला तशी वाट मिळते. फ्यूज असला तर तो उडतो, नसला तर केबल वितळते.

नव्या पक्षाचे म्हणणे असे की, ऋण तार बॅटरीच्या अग्रावर नेऊच नये. बॅटरीची अर्थ-पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते, त्या बिंदूवर किंवा त्याच्या लगत ती जोडावी आणि तिच्यात फ्यूज घालू नये. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ऋण अग्राच्या क्लॅम्पवरच काडेपेटीहून लहान अशी काळी डबी असते, तिच्यातून बारीक प्लग निघतो. बॅटरीत किती प्रवाह शिरला, किती निघाला, याचा हिशेब हा संवेदक (सेन्सर) ठेवतो. संचाची ऋण तार त्याला वळसा घालून अग्रावर लावली, तर संचाने ओढलेली वीज हिशेबात येत नाही. मग बॅटरी भरलेली आहे असे गाडी समजते आणि प्रत्यक्षात ती रिकामी होत जाते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांत हा दोष लवकर जाणवतो. फ्यूजविषयी या पक्षाचा आक्षेप अधिक मार्मिक आहे. ऋण फ्यूज उडाला तरी संच बंद पडत नाही. अँटेनाच्या जाळीतून परतीचा प्रवाह चालूच राहतो आणि दोष महिनोन्‌महिने कळत नाही.

दोन्ही युक्तिवाद तपासता, संवेदक असलेल्या गाडीत दुसरी रीत पाळणे भाग आहे. संवेदक नसलेल्या जुन्या जीप किंवा हॅचबॅकमध्येही पट्टीच्या बॉडीकडील बोल्टवर ऋण तार नेल्याने दोन्ही पक्षांचे मुख्य हेतू साधतात, कारण मोठे जोड वगळले जातात आणि स्टार्टरच्या प्रवाहाला संचातून बॅटरीकडे थेट वाट राहत नाही. डॅशबोर्डखालच्या मिळेल त्या स्क्रूवर अर्थ घेण्याची रीत मात्र दोन्ही पक्षांना मान्य नाही. तो स्क्रू कित्येकदा प्लास्टिकच्या चौकटीत किंवा रंगाच्या थरावर बसलेला असतो. अर्थ घेताना रंग खरवडून पत्रा चमकवावा, दातेरी वॉशर घालून लग आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

प्रत्यक्ष मांडणी : आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी (बहुधा १० मिमी. पाना लागतो) आणि एअरबॅगच्या मंडलातला भार उतरावा म्हणून काही मिनिटे थांबावे. फायरवॉलमधून (इंजिन व आसने यांमधल्या पत्र्यातून) तार मूळ हार्नेसच्या (गाडीच्या तारांच्या जुडग्याच्या) रबरी ग्रोमेटमधूनच (छिद्राच्या कडेला बसवलेल्या कड्यातूनच) काढावी. नवे छिद्र पाडलेच तर त्यालाही ग्रोमेट हवा. बोनेटखाली तारेवर चिरलेली नळी घालून दर ३० सेंमी.वर ती बांधावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पेडल व स्टिअरिंगचा दांडा यांपासून तार दूर राहावी. पुढच्या खांबातून ती नेऊ नये, कारण तिथे पडदा-एअरबॅग असू शकते. पिवळे हार्नेस एअरबॅगचे, नारिंगी हायब्रिड वा विजेवरच्या गाडीच्या उच्च दाबाचे. दोन्हींना हात लावू नये. विजेवरच्या गाडीतही संच १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीवरच जोडतात. लग दाबून बसवावा. नुसत्या डागाने (सोल्डरने) जोडलेली तार कंपनांमुळे डागाच्या कडेलाच तुटते.

काही संचांना तिसरी बारीक तार असते. ती किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या मंडलावर, १ ते ३ अँपिअरच्या फ्यूजमधून जोडतात. ती न जोडता संच चालू राहिला तर अर्ध्या अँपिअरने ४८ तासांत २४ अँपिअर-तास खर्च होतात. लहान हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. नागपूरच्या अजनी स्थानकावर शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही, त्याचे हे एक साधे कारण.

गोंगाट व बाधा : इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ अल्टरनेटरची, वेगाबरोबर वाढणारी टिकटिक इग्निशनची. अँटेना काढल्यावरही शीळ राहिली तर ती वीजतारेतून येते आणि तारेची वाट किंवा अर्थ तपासावा लागतो. अँटेना काढताच ती गेली तर दोष हवेतून येतो आणि अशा वेळी मोबाइल चार्जर व एलईडी दिवे एकेक बंद करून पाहावेत. ही चाचणी फक्त ऐकताना करावी. अँटेनाविना बटण दाबल्यास संचाच्या शेवटच्या (शक्ती बाहेर टाकणाऱ्या) टप्प्याला धोका असतो. बोनेट व सायलेन्सरच्या नळीला रुंद, आखूड जाळीपट्टीने बॉडीशी जोडल्याने गोंगाट बराच उतरतो. बटण दाबताच हॉर्न वाजणे किंवा दारांची कुलुपे खटकणे, हे अँटेनाची केबल गाडीच्या हार्नेसला समांतर बांधल्याचे लक्षण. दोन्ही एकमेकींना काटकोनातच ओलांडाव्यात.

२४ व्होल्टची वाहने : ट्रक, बस आणि नागपूरजवळच्या उमरेडसारख्या उघड्या खाणींतील डंपर यांत २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा संच चालवण्यासाठी दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच तार लावण्याचा सोपा मार्ग टाळावा. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून उकळते आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात. २४ ते १२ व्होल्टचा परिवर्तक वापरावा आणि त्याची क्षमता सततच्या प्रवाहावर मोजावी, डबीवर छापलेल्या शिखर आकड्यावर नव्हे.

परवाना : हौशी चालकांना दूरसंचार विभागाची परीक्षा व परवाना लागतो. त्यांचा दोन मीटर पट्टा भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झमधील ५ वॅटपर्यंतचे नागरी पट्ट्यातले संच परवानामुक्त आहेत.

चाचणी : अँटेनाच्या जागी ५० ओहमचा कृत्रिम भार (डमी लोड) लावून पूर्ण शक्तीवर बटण दाबावे आणि संचाच्या वीज-अग्रांवर मल्टिमीटर धरावा. जोडणी आखूड असेल तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसू नये. मग एक टोक संचाच्या कवचाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण अग्राला लावून पुन्हा बटण दाबावे. ऋण तार आखूड असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थचा बोल्ट उघडून पत्रा पुन्हा खरवडावा.